सिंहगड रोड: चौकातला रोजचा जॅम आणि अपघात, नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

मंडळी, पुण्यातल्या सिंहगड रोडला राहून मला एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली निदान दहा वर्षं मी "हा रस्ता सुधारणारच नाही" असं म्हणत काढली. गेल्या दीड वर्षात आमच्या चौकात आम्ही सात-आठ जणांनी मिळून जे केलं ते इथे सविस्तर लिहितोय. चौकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंत कुठल्याही चौकात जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल, आणि वाघोली, कात्रज-कोंढवा किंवा ठाण्याला घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी लक्षणं सांगतो. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ जॅम. सिग्नल हिरवा होतो, चौकाच्या पलीकडे रस्ता रिकामा दिसतो आणि तरी गाड्या सुटत नाहीत, एक चौक ओलांडायला तीन-तीन सिग्नल लागतात. दुसरं लक्षण अपघात. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू रात्री साडेदहाला औषध आणायला निघाल्या, डिव्हायडरला जी फट पाडलेली आहे तिथून ओलांडत होत्या, बाईकवाल्याने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणावर होत्या. अजूनही काठी लागते. खरं सांगायचं तर त्या दिवसानंतरच आम्ही सगळे हलायला लागलो.

आता पहिली गोष्ट जी समजायला आम्हाला सहा महिने लागले ती इथेच सांगून टाकतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. जॅम आणि अपघात हे दोन वेगळे आजार आहेत, वेळाही वेगळ्या आणि औषधंही वेगळी. जॅममध्ये गाड्या दहाच्या स्पीडने सरकतात, तेव्हा आरसे तुटतात, भांडणं होतात, पण सहसा जीव जात नाही. जीव जायचा धोका जास्त असतो तो रस्ता मोकळा असताना, जसं रात्री दहानंतर आणि पहाटे, गाड्या साठ-सत्तरने जातात तेव्हा. त्यामुळे "रस्ता रुंद करा, डांबर गुळगुळीत करा" एवढंच करून थांबलात तर सकाळचा जॅम थोडा कमी होईल पण रात्रीचा स्पीड वाढेल. दोन्हीचा विचार एकत्रच करायला लागतो.

हा रस्ता मुळातच एवढा का तुंबतो ते नकाशात बघितलं की लगेच कळतं. दांडेकर पुलाकडून धायरीकडे निघालात की उजव्या हाताला मुठा नदी आणि डाव्या हाताला कॅनॉल, त्याच्या मागे पर्वती-तळजाईची टेकडी. म्हणजे आतल्या बहुतेक गल्ल्या एकतर नदीला जाऊन थांबतात नाहीतर कॅनॉलला. समांतर दुसरा मोठा रस्ताच नाही, कॅनॉलच्या कडेचा रस्ता आहे पण तो अरुंद. मग दूध आणायला निघालेला माणूस, शाळेची व्हॅन, नांदेड सिटी टाउनशिपहून डेक्कनला जाणारा, रविवारी खडकवासला-सिंहगडला निघालेले पर्यटक, सगळे एकाच रस्त्यावर. उड्डाणपुलाचं काम 2021 मध्ये सुरू झालं, राजाराम पूल चौकातला पूल 2024 ला सुरू झाला, विठ्ठलवाडी ते फन टाइम थिएटरचा मे 2025 ला आणि परत येतानाचा त्याच वर्षी सप्टेंबरला. लांबचा प्रवास करणाऱ्यांना त्याचा फायदा झालाय, हे मान्यच करायला पाहिजे. पण पूल वरून जाणाऱ्यांसाठी असतो, खाली चौकात वळणारा, थांबणारा, पायी जाणारा माणूस आहे तिथेच आहे, आणि पूल जिथे उतरतो तिथे वरचे आणि खालचे एकत्र येतात तो नवीन अडकायचा पॉईंट तयार होतो. तुमच्याकडे पूल होत असेल तर उतरण्याच्या जागेपुढचे दोनशे मीटर आत्ताच बघून ठेवा.

आम्ही आधी काय केलं आणि ते का चाललं नाही, हे पण सांगतो. सगळ्यात आधी स्पीडब्रेकर मागितला, कारण सगळे तेच मागतात. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मापाचा ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, गाडी साधारण पंचवीसच्या स्पीडने आरामात जावी असा. आपल्याकडे जे उंचवटे दिसतात त्यातले कित्येक या मापाचे नसतात, पाठीचे मणके जातात, ॲम्ब्युलन्सला त्रास होतो, आणि मुख्य रस्त्यावर सिग्नलच्या जवळ ब्रेकर टाकला तर हिरव्या सिग्नललाही प्रत्येक गाडी हळू होते, म्हणजे जॅम वाढतो. ब्रेकर गल्लीतून मुख्य रस्त्याला येताना पाहिजे, मुख्य रस्त्यावर नाही.

मग आम्ही सिग्नलची वेळ वाढवा म्हणून मागे लागलो. वाढवली पण. काही फरक पडला नाही, उलट बाजूच्या रस्त्याची रांग डबल झाली. ते का झालं हे कळलं तेव्हा खरा आजार सापडला.

तर झालं असं की आमच्यातल्या एका दादाने, जो सिव्हिलवाला आहे, सांगितलं की कुणीही मत द्यायचं नाही, आधी मोजायचं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चौक पूर्ण दिसतो, तिथे मोबाईल स्टँडला लावून सलग चार दिवस सकाळी पाऊण तास शूटिंग केलं आणि रात्री सगळ्यांनी बसून बघितलं. काय बघायचं तेही ठरवलं होतं. हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला किती सेकंद लागतात, थांबायच्या पट्ट्यापासून मागे पन्नास मीटर आणि पुढे पन्नास मीटर एवढ्या भागात काय काय उभं आहे, आणि कुठली गाडी कशामुळे लेन बदलते. बस एवढंच. पूर्ण रस्ता बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

पहिल्याच दिवशी दिसलं की सात मीटर रुंद असलेल्या आमच्या बाजूला सिग्नलच्या तोंडाशी तीन रिक्षा, एक भाजीचा टेम्पो आणि वडापावच्या गाडीसमोर थांबलेल्या पाच-सहा बाईक असतात, म्हणजे गाड्यांना प्रत्यक्षात साडेचार मीटर मिळतात. आता आयआरसीचा हिशोब असा आहे की हिरवा सिग्नल सलग एक तास चालू ठेवला असं धरलं तर रुंदीच्या दर मीटरला साधारण 525 कार सुटतात. बाईक, बस सगळ्यांचं कारमध्ये रूपांतर करून हा आकडा काढतात. सात मीटरला झाल्या 3675. साडेचार मीटरसारख्या कमी रुंदीला हा गुणाकार चालत नाही, आयआरसीच्या कोष्टकात त्याचा आकडा 2250 आहे. आमच्या सिग्नलचा फेरा, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, 120 सेकंदाचा, त्यात आम्हाला हिरवा 40 सेकंद, म्हणजे एक तृतीयांश. तर तासाला 1225 गाड्या सुटायला पाहिजेत तिथे 750 सुटतायत. पावणेपाचशे कारचा रस्ता तीन रिक्षा आणि एका टेम्पोने अडवलाय आणि आपण म्हणतोय शहरात गाड्या फार झाल्या! गाड्या झाल्याच आहेत, नाही म्हणत नाही, पण जेवढा रस्ता आहे तेवढा तरी वापरायला मिळायला हवा ना.

आणि सिग्नल वाढवून फायदा का झाला नाही तेही इथेच कळतं. बाटलीचं तोंड तेवढंच ठेवून बाटली जास्त वेळ उलटी धरण्यासारखं झालं ते. शिवाय हिरवा लांबला की लाल पण लांबतो, माणसं वैतागतात, लाल असताना घुसतात, पायी चालणारे मधूनच पळतात. आयआरसीच्या हिशोबातही 120 सेकंदाच्या वर फेरा नेऊ नये असंच आहे.

दुसरा पॉईंट सापडला तो बघून मला स्वतःलाच धक्का बसला, कारण मी तिथून रोज जातो. चौकाच्या अलीकडे वीसेक मीटरवर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण आहे, रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि झाकण तिथेच राहिलं, तेव्हा ते जवळजवळ चार बोटं खाली होतं. व्हिडिओ स्लो करून बघितला तर प्रत्येक, अक्षरशः प्रत्येक दुचाकीवाला तिथे येऊन हातभर उजवीकडे झुकतो, हँडल वळतं, मागचा कारवाला ब्रेक मारतो, त्याच्या मागचा बसवाला ब्रेक मारतो. पावसात झाकण पाण्याखाली गेलं की नवीन माणसाला दिसतच नाही. एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही खडू घेऊन गेलो, झाकणाच्या मागे दहा मीटरपासून टायरचा मार्ग कसा वळतो त्याच्या रेघा मारल्या आणि वरून फोटो काढला. तो फोटो अर्जाला जोडला. आधीच्या तीन अर्जांचं काय झालं होतं ते विचारू नका, पण या फोटोनंतर तीन आठवड्यात चेंबर वर उचललं गेलं, कारण फोटो बघणाऱ्याला समजावून सांगायची गरजच उरली नाही.

तिसरा पॉईंट उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांचा. सिग्नलला थांबायला नको म्हणून चौकाच्या आधीच डिव्हायडरच्या फटीतून वळणारे आणि फटीपर्यंत पोचायला उलट्या दिशेने येणारे. हीच ती फट जिथे काकूंना लागलं. एक कार तिथे वळायला तिरकी उभी राहिली की मागची एक पूर्ण लेन बंद. अशी फट दुकानदारांना हवी असते, गल्लीतल्या लोकांना हवी असते, आणि स्पष्ट बोलायचं तर आमच्याच सोसायटीतल्या निम्म्या लोकांना हवी होती कारण यू-टर्नसाठी साडेतीनशे मीटर पुढे जायला लागतं. त्यावर मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला. शेवटी काकूंचा मुलगा उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की साडेतीनशे मीटरचं पेट्रोल मी देतो, फट बंद करा. त्यानंतर सह्या व्हायला दहा मिनिटं लागली.

आता उपाय. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की कामं वाया जातात.

आधी चौकाचं तोंड मोकळं करायचं. 2017 चे मोटार वाहन ड्रायव्हिंगचे जे विनियम आहेत त्यात चौकाच्या आधी आणि नंतर 50 मीटरपर्यंत गाडी लावायची नाही असं साफ आहे, म्हणजे नवीन नियम मागायची गरजच नाही, फक्त पट्टे आणि बोर्ड मागायचे. पण नियम दाखवून रिक्षावाले हलत नाहीत आणि हलावं तरी का, त्यांची रोजीरोटी आहे, गिऱ्हाईक बसमधून उतरतं तिथेच ते उभे राहणार. आम्ही स्टँडच्या काकांशी दोन रविवार बोललो. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला जागा द्या, सावली द्या आणि लोकांना कळेल असा बोर्ड द्या. चौकाच्या पुढे साठ मीटरवर एका सोसायटीच्या भिंतीला लागून झाडाखाली पाच रिक्षांची जागा निघाली, बोर्डाचा खर्च आम्ही वर्गणीतून केला. वडापावच्या गाडीवाल्या मावशींनाही तिथेच आत गल्लीच्या तोंडाशी जागा मिळाली, आणि त्यांनी आठ दिवसांनी स्वतःहून सांगितलं की आता धूर कमी, गिऱ्हाईक निवांत उभं राहतं. पर्याय न देता नुसतं हटवलं असतं तर चार दिवसात सगळं परत तिथेच आलं असतं, हे मी लिहून देतो.

मग बस स्टॉप. तो सिग्नलच्या अलीकडे असेल तर हिरवा असताना बस उभी राहते आणि अख्खा सिग्नल खाते. चौक ओलांडून पुढे, मागे दोन बस उभ्या राहिल्या तरी चौक अडणार नाही एवढं अंतर सोडून घ्यायचा. आमचा अजून पूर्ण हलला नाहीये, शेड जुन्याच जागी आहे, पण ड्रायव्हर दादा आता पुढे थांबवतात आणि त्याचाही फरक जाणवतो.

फट बंद करताना एक काळजी घ्या. नुसते सिमेंटचे ब्लॉक ठेवले तर कुणीतरी रात्री सरकवतं, आमच्याकडे दोनदा झालं. सलग पक्का डिव्हायडरच मागा, आणि त्याच वेळी पायी जाणाऱ्यांसाठी चौकात नीट झेब्रा आणि मध्ये थांबायला जागा मागा, नाहीतर माणसं डिव्हायडरवर चढून उड्या मारतात आणि ते फटीपेक्षा वाईट. हिशोब सोपा आहे, आमचा रस्ता चौकात 24 मीटर, तब्येतीने ठीक असलेला माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे 20 सेकंद. काठीवाल्या काकू 0.8 ने चालल्या तर 30. पायी जाणाऱ्यांचा हिरवा 15 सेकंदाचा असेल तर त्या मधे अडकणार हे कागदावरच दिसतंय. म्हणून मधल्या डिव्हायडरला माणूस आणि बाबागाडी उभी राहील एवढी, निदान दीड-दोन मीटरची जागा ठेवून दोन टप्प्यात ओलांडायची सोय करायची. पुणे महापालिकेने 2016 लाच पादचारी धोरण मंजूर केलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा.

रात्रीच्या अपघातांसाठी वेगळी कामं. चाळीस-पन्नास मीटर आधीपासून रंबलर पट्टे (टायरखाली खडखडणारे आडवे पट्टे), कॅट आईज (रात्री चमकणारे रस्त्यातले छोटे रिफ्लेक्टर), झेब्र्यावर थेट पडेल असा लाईट. आमच्याकडे खांब होता, दिवा होता, पण झाडाच्या फांदीमागे, फांदी छाटल्यावर झेब्रा दिसायला लागला, एवढं साधं काम होतं. आणि कोपऱ्याचं वळण. फुटपाथचा कोपरा फार गोल असला की डावीकडे वळणारा स्पीड कमी न करता वळतो, तो गोल लहान केला किंवा स्प्रिंग पोस्ट (धक्का लागला की वाकून परत उभे राहणारे खांब) लावून आत घेतला की गाडी आपोआप हळू होते. पन्नासच्या स्पीडने धडक बसलेला पायी माणूस दगावण्याचा धोका तीसच्या स्पीडच्या मानाने कितीतरी पटीने जास्त असतो, त्यामुळे चौकात दहा-पंधराचा स्पीड कमी होणं म्हणजे छोटी गोष्ट नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पार्किंग, वन-वे, यू-टर्न हे वाहतूक पोलिसांकडे, ते मोटार वाहन कायद्याच्या 115, 116, 117 कलमांखाली आधी तात्पुरता आदेश काढतात आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. तेव्हा बाजूने पण लिहा, नाहीतर फक्त विरोध करणाऱ्यांचीच पत्रं जातात. चेंबर, डिव्हायडर, पट्टे, लाईट हे महापालिकेकडे, छोट्या कामांसाठी नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक पुण्यात 2006 पासून आहे, त्याचे अर्ज सुटतात तेव्हा भरा. दोघांना एकाच दिवशी एकाच जागी बोलवायचं, संयुक्त पाहणी म्हणून लेखी मागणी करायची, कारण वेगवेगळे आले की प्रत्येकजण दुसऱ्याचं काम आहे म्हणतो. आणि 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 198अ कलम आलंय, रस्त्याची रचना ठरलेल्या मानकाप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार असलेल्याला एक लाखापर्यंत दंड. आम्ही ते धमकी म्हणून कधी वापरलं नाही, फक्त माहिती म्हणून अर्जात शेवटी एक ओळ लिहिली.

आता प्रॉब्लेम परत का येतो ते. आमच्याकडे तीनदा परत आला. पहिल्यांदा पावसाळ्यात पट्टे पुसले गेले आणि आठवड्याभरात बाईक परत तोंडाशी. दुसऱ्यांदा केबलसाठी खोदलं, बुजवलं, आणि नवीन चेंबर पुन्हा खाली. तिसऱ्यांदा गणपतीत मांडव आला तेव्हा रिक्षा जुन्या जागी गेल्या आणि मांडव निघाल्यावरही तिथेच राहिल्या, पुन्हा जाऊन बोलायला लागलं. म्हणून आता महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, त्याच गॅलरीतून पंधरा मिनिटं शूटिंग करतो आणि फक्त एकच आकडा वहीत लिहितो, सिग्नलच्या तोंडाशी किती मीटर मोकळे आहेत. साडेसहाच्या खाली आला की त्याच दिवशी फोन. वाट बघत बसलो की नवीन जागेची लोकांना सवय होते आणि मग हलवणं अवघड.

आता सकाळी चौक ओलांडायला बहुतेक वेळा एक सिग्नल लागतो, कधी दोन. संध्याकाळी अजून त्रास आहे कारण पुढच्या चौकाची रांग आमच्यापर्यंत येते, ते आमच्या चौकात काही करून सुटणार नाही, दोन्ही सिग्नल एकमेकांशी जुळवून घ्यायला लागतील. तो अर्ज तयार आहे. रविवारी सकाळची सिंहगडची गर्दी हा पण वेगळाच विषय आहे, त्यासाठी अजून एकदाही मोजलेलं नाही.

पुढच्या चौकात राहणारं कुणी हे वाचत असेल आणि ज्यांची गॅलरी रस्त्याकडे आहे, त्यांनी प्लीज येत्या सोमवारी संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात शूटिंग करा. आम्ही इकडून त्याच वेळेला करतो. घड्याळं आधी जुळवून घ्या, सेकंदासकट, म्हणजे तुमचा लाल आणि आमचा हिरवा किती वेळ एकत्र पडतो ते दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघता येईल.